वडिलांनी कधी अँटिबायोटिक घेतलं नाही, तरी कल्चर रिपोर्टवर सगळीकडे ‘आर’ कसं?

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी बरंच सविस्तर लिहिलंय, ते थोडक्यात असं. वडिलांना कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झाली. तालुक्याला विषावरचं औषध ॲट्रोपिन सुरू करून जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. तिथे दुसऱ्या दिवशी श्वास कमी पडू लागला म्हणून नळी घालून व्हेंटिलेटर लावला. सहाव्या दिवशी ताप आला, नळीतून पिवळा कफ निघू लागला. कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये त्या कफातले जिवाणू वाढवून पाहिल्यावर, ‘ॲसिनेटोबॅक्टर बौमानी’ हा जिवाणू निघाला. औषधांच्या लांबलचक यादीपुढे सगळीकडे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे जिवाणू जुमानत नाही) आणि एकट्या कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे ‘आय’ (इंटरमिजिएट, म्हणजे मधलं). ताईंचे प्रश्न असे: बाबांनी आयुष्यात क्रोसिनपलीकडे गोळी घेतली नाही, मग त्यांना औषधं लागू का पडत नाहीत? चूक दवाखान्याची का? कोलिस्टिन किडनी घालवतं म्हणतात, ते लावू द्यायचं का? नागपूरला हलवायचं का? आणि घरी दोन लहान लेकरं आहेत, त्यांचं काय?

मी सूक्ष्मजीवशास्त्राचा डॉक्टर आहे. विदर्भातल्या ग्रामीण भागातल्या एका शिक्षण रुग्णालयाच्या लॅबमध्ये असे रिपोर्ट तपासून सही करणं आणि वॉर्डातल्या इन्फेक्शन कंट्रोलवर लक्ष ठेवणं हे माझं रोजचं काम. तुमच्या बाबांना मी पाहिलेलं नाही, त्यांचा एक्स-रे आणि फाईल माझ्यासमोर नाही. त्यामुळे अमुक औषध द्या, तमुक बंद करा, असं मी इथून सांगणार नाही. त्या कागदाचा अर्थ काय आणि त्यावरून डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं मात्र नक्की सांगता येईल.

पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा, कारण यात जवळपास प्रत्येक घरची समजूत अडकते. रिपोर्टवरचा ‘आर’ तुमच्या बाबांच्या शरीराबद्दल काहीच सांगत नाही. तो त्यांच्या नळीत सापडलेल्या जिवाणूबद्दल आहे. हा जिवाणू औषधांना आधीच सरावलेला होता. दुसऱ्या कुणाच्या तरी उपचारात, दुसऱ्या कुठल्या तरी खाटेवर तो तसा झाला आणि मग बाबांपर्यंत पोचला. बाबांनी जन्मात एकही गोळी घेतली नसती तरी हेच झालं असतं. म्हणून ‘आम्ही काही चुकीचं दिलं का’ हे ओझं आधी डोक्यावरून उतरवा.

जिवाणू सरावतो कसा, हे कापूस पिकवणाऱ्या घरात समजावून सांगायला फार वेळ लागू नये. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते आपण पाहिलंय. बीटी कपाशी खाऊन मरणाऱ्या अळ्या मेल्या, न मरणाऱ्या मोजक्या उरल्या, आणि पुढची सगळी पैदास त्यांचीच झाली. आयसीयूत अँटिबायोटिकांचं हेच होतं, फक्त वेग भयंकर असतो. अळीची पिढी उलटायला महिनाभर लागतो, तर काही जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. शिवाय अळी आपला गुण फक्त पिल्लांना देते. जिवाणू मात्र तो गुण शेजाऱ्यालाही देऊ शकतो. प्लाझ्मिड नावाचा डीएनएचा छोटा गोल तुकडा एका जातीच्या जिवाणूतून दुसऱ्या जातीत जातो आणि त्या एका तुकड्यावर चार-पाच प्रकारच्या औषधांना तोंड देणारी जनुकं असू शकतात. क्लेबसिएला नावाच्या दुसऱ्या जिवाणूत सापडणारं, औषध निकामी करणारं एनडीएम हे जनुक असंच पसरलं.

ॲसिनेटोबॅक्टरकडे या बाबतीत सगळाच सरंजाम असतो. मेरोपेनेमसारखं औषध तोडणारं एन्झाइम तो बनवतो, आपल्याकडे ते बहुधा ऑक्सा-23 या प्रकारचं निघतं. आत शिरलेलं औषध बाहेर फेकणारे पंप त्याच्या भिंतीत असतात. औषध ज्या दारांनी आत येतं, ती दारंही तो कमी करतो. आणि दवाखान्यासाठी सगळ्यात वाईट गोष्ट ही की, तो कोरड्या जागेवरही आठवडे जिवंत राहतो. बहुतेक जिवाणूंना ओल लागते, याला खाटेचा कठडा पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये, आणि पुन्हा 2024 मध्ये, ज्या जिवाणूंवर नवी औषधं सर्वांत तातडीनं हवीत त्यांची यादी काढली. कार्बापेनेमला, म्हणजे मेरोपेनेमच्या गटातल्या औषधांना, न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर दोन्ही वेळा अतिगंभीर गटात आहे.

आता तो बाबांपर्यंत कसा पोचला असेल ते पाहू. फवारणीच्या औषधांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या विषानं तोंडाला आणि छातीत अतोनात स्राव सुटतो. बऱ्याचदा पहिल्या दिवशी विष उतरल्यासारखं वाटतं, माणूस बोलतो, आणि मग एक ते चार दिवसांत त्याला मान उचलता येत नाही, श्वासाचे स्नायू थकतात. तुमच्या वर्णनावरून बाबांचं तसंच झालेलं दिसतं. अशा पेशंटला व्हेंटिलेटरची गरज दोन-चार दिवसांची नसते, आणि त्या काळात सक्शन पुन्हा पुन्हा करावं लागतं.

हे सक्शन जवळून पाहण्यासारखं आहे. सिस्टर हातमोजा घालते, नवी नळी उघडते, घशातल्या नळीतून आत घालून कफ ओढते. तेवढ्यात मशीनचा अलार्म वाजतो, त्याच हातमोज्यानं बटण दाबलं जातं. मग पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटचा मॉनिटर ओरडतो. हातमोजा तोच राहिला, तर एका खाटेवरचा जिवाणू दुसऱ्या खाटेवर गेला, एवढी ही साधी गोष्ट आहे. हातमोजा घातला की हात स्वच्छ, ही समजूत मी नव्या मुलामुलींच्या डोक्यातून काढत असतो. हातमोजा त्यांना वाचवतो, पेशंटला नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या फवारणीच्या दिवसांत खाटा भरलेल्या, एकेका सिस्टरकडे नको तेवढे पेशंट, व्हेंटिलेटर कमी पडले की नातेवाईकच आळीपाळीनं हातानं श्वास देणारी अंबू बॅग दाबत बसलेले. अशा वॉर्डात प्रत्येक वेळी हात धुवा म्हणणं सोपं आहे.

मग चूक दवाखान्याची का? माझं प्रामाणिक मत: भरती होऊन 48 तास उलटल्यावर सुरू झालेली लागण दवाखान्यातली धरतात, त्या हिशेबानं ही तिथलीच. पण ती एखाद्या माणसाच्या हलगर्जीपणाची मानायला मी तयार नाही. चांगल्यात चांगल्या आयसीयूतही व्हेंटिलेटरवरच्या काही पेशंटना न्यूमोनिया होतोच. माणसं पुरेशी असली, सॅनिटायझर प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी असलं, नळी एक दिवस जरी लवकर निघाली, तर प्रमाण कमी होतं. तुम्ही डॉक्टरांशी भांडलात तर ते फाईलमध्ये बचावासाठी आणखी दोन अँटिबायोटिक लिहून ठेवतील, बाबांना त्याचा उपयोग नाही.

जाता जाता एक. तुम्ही विचारलंय की वॉर्डात फ्युमिगेशन करायला सांगायचं का. नको. फॉर्मॅलिनच्या धुरानं डोळे चुरचुरतात आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, एवढंच. खाटेचा कठडा, मशीनची बटणं, सलाईनचा स्टँड, दाराची कडी, डॉक्टरांचा मोबाईल हे सगळं योग्य जंतुनाशकानं पुसणं त्याहून कितीतरी कामाचं. साथ नसताना दर आठवड्याला भिंतींचे स्वॅब घेऊन लॅबला पाठवतात, त्यालाही माझा विरोध आहे. भिंत कुणाला हात लावत नाही.

आता त्या कागदाकडे. पहिली गोष्ट तपासायची ती ही की, नळीत जिवाणू सापडला म्हणजे फुफ्फुसात लागण झाली, असं नाही. पाच-सहा दिवस नळी राहिली की तिच्या आतल्या बाजूला जिवाणूंचा थर बसतो आणि कल्चर पाठवलं तर काहीतरी उगवतंच. त्याला आम्ही नुसती वस्ती म्हणतो. वस्तीला अँटिबायोटिक द्यायचं नसतं. लागण म्हणायला एक्स-रेवर नवा डाग हवा, ऑक्सिजनची गरज वाढलेली हवी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या किंवा अगदी घटलेल्या हव्यात, कफात पू हवा. लॅबच्या बाजूनं सांगायचं तर मायक्रोस्कोपखाली पस सेल (पूच्या पेशी) भरपूर दिसायला हवेत, आणि नळीतल्या स्रावाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 1 लाख किंवा जास्त जिवाणू निघाले तर आम्ही ते गंभीरपणे घेतो. तुमच्या रिपोर्टवर वरच्या कोपऱ्यात ग्रॅम स्टेनची, म्हणजे कफ रंगवून मायक्रोस्कोपखाली काय दिसलं त्याची, ओळ असेल, ती लोक वाचतच नाहीत. ती वाचा.

विषबाधेच्या पेशंटमध्ये आणखी एक घोळ असतो, आणि तो नेमका तुमच्या बाबांना लागू होऊ शकतो. ॲट्रोपिन जास्त झालं तरी ताप येतो. कातडी कोरडी आणि लालसर, नाडी वेगात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, माणूस बडबडतो, हवेत काहीतरी पकडतो. असा ताप अँटिबायोटिकनं उतरत नाही, ॲट्रोपिन कमी केल्यावर उतरतो. तुम्ही पिवळ्या घट्ट कफाचं लिहिलंय, त्यामुळे बाबांना खरीच लागण असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तरी हे डॉक्टरांना विचारणं योग्य आहे. ‘हा ताप ॲट्रोपिनचा तर नाही ना, आणि एक्स-रे बदललाय का?’ असं सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

‘आय’चं थोडं समजून घ्या. बऱ्याच औषधांसमोर ‘आय’ म्हणजे नेहमीच्या डोसनं खात्री नाही, असा अर्थ होतो. कोलिस्टिनचं वेगळं आहे. 2020 पर्यंत आम्हीच त्याच्यापुढे ‘एस’ (म्हणजे लागू पडतं) लिहीत होतो. मग ज्या अमेरिकन मानकांप्रमाणे आपल्याकडच्या बहुतेक लॅब रिपोर्ट देतात, त्यांनी कोलिस्टिनसाठी ‘एस’ हा वर्गच काढून टाकला, कारण लॅबमध्ये ते चाललं तरी पेशंटमध्ये हमखास चालेल असं म्हणता येत नाही. आता त्याच्यापुढे ‘आय’ किंवा ‘आर’ एवढंच येतं. म्हणजे तुमच्या रिपोर्टवरचा ‘आय’ हा त्याला मिळू शकणारा सर्वांत चांगला शेरा आहे. एक मात्र लॅबला विचारून घ्या: कोलिस्टिन कशावर तपासलं? कागदी चकतीवर तपासलं असेल तर त्या निकालाला किंमत नाही. कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो आगरमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, नीट पसरतच नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्युशन नावाच्या पद्धतीनं केलेला निकालच धरायचा. आणि रिपोर्टवर औषधांपुढे जे आकडे असतात, त्यांतला सगळ्यात लहान आकडा शोधून ‘हे औषध सगळ्यात भारी’ असं ठरवू नका. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते.

कोलिस्टिन लावू द्यायचं का? हे जुनं औषध आहे, 1950 च्या दशकापासून वापरात असलेलं. किडनीला त्रास होतो म्हणून 1970 च्या सुमारास डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. दुसरं काही उरलं नाही म्हणून परत काढावं लागलं. किडनीची भीती खरी आहे, पण ती पाहता येते. क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) आणि लघवीचं प्रमाण यांवर लक्ष ठेवतात, डोस वजन आणि किडनी पाहून ठरवतात. अंगात लागण पसरत असताना किडनीच्या धास्तीनं औषधच नाकारणं मला पटत नाही. ते फुफ्फुसात फारसं पोचत नाही म्हणून काही ठिकाणी वाफेतूनही देतात, आणि बरेच डॉक्टर त्याच्या जोडीला मिनोसायक्लिन, टायगेसायक्लिन किंवा जास्त डोसमधलं सल्बॅक्टम देतात. कोणती जोडी, हे तुमच्या डॉक्टरांवर सोडा, यात तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. सल्बॅक्टम-ड्युरलोबॅक्टम नावाची नवी जोडी खास ॲसिनेटोबॅक्टरसाठी आहे, तिला 2023 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. मात्र कुणी सेफ्टाझिडिम-ॲव्हिबॅक्टमची महागडी चिठ्ठी दिली, तर जमीन गहाण टाकण्याआधी विचारा की ते नेमकं कोणत्या जिवाणूसाठी आहे. क्लेबसिएलाच्या काही प्रकारांवर ते उत्तम चालतं, ॲसिनेटोबॅक्टरसाठी ते भरवशाचं नाही.

हेच कोलिस्टिन आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यात वजन वाढवायला वापरलं जात होतं. 2019 च्या जुलैत केंद्र सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. माणसाला वाचवायचं शेवटचं औषध ब्रॉयलरला, यावर मी अधिक काही लिहीत नाही.

नागपूरला हलवायचं का, याचं उत्तर रिपोर्टवर अवलंबून नाही. नागपूरचं मेडिकल किंवा मेयो, वर्ध्याजवळचं सेवाग्राम, कुठल्याही मोठ्या दवाखान्यात गेलात तरी या जिवाणूवर वेगळं जादूचं औषध ठेवलेलं नाही. बाबांना डायलिसिस लागणार असेल, सध्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटर अपुरा पडत असेल, ऑक्सिजन टिकत नसेल, तर हलवा. फक्त ‘सगळीकडे आर आलंय’ म्हणून व्हेंटिलेटरवरचा माणूस शंभर-दीडशे किलोमीटर ॲम्ब्युलन्समधून नेण्यात धोका जास्त. नेलंतच, तर पलीकडच्या डॉक्टरांना फोनवर आधीच सांगा की पेशंटमध्ये हा जिवाणू आहे. लपवलंत तर तिथल्या चार खाटांना तो देऊन याल.

औषधापेक्षाही जास्त फरक पाडणारी गोष्ट म्हणजे नळ्या. रोज सकाळच्या राउंडला हे तीन प्रश्न विचारा: ‘आज व्हेंटिलेटर कमी करून पाहणार का? लघवीची नळी अजून लागते का? मानेतली सेंट्रल लाईन काढता येईल का?’ लघवीच्या नळीत दर दिवशी सुमारे 3 ते 7 टक्के पेशंटमध्ये जिवाणू शिरतात, म्हणजे विसरून राहिलेली नळी हे उद्याचं दुसरं इन्फेक्शन. ॲट्रोपिननं लघवी अडते म्हणून ती घातलेली असते, ॲट्रोपिन कमी झालं की तिचं काम संपतं. खाटेचं डोकं 30 ते 45 अंश उचललेलं आहे का, हे तुम्हालाही दिसतं. सपाट झोपवलेलं दिसलं तर सिस्टरना आठवण करा. लघवीची पिशवी जमिनीला टेकू देऊ नका, आणि बाबांना हलवताना ती कमरेच्या वर उचलू नका.

तुमच्या हातांचं तेवढंच महत्त्वाचं. बाबांना हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर, दोन्ही वेळा सॅनिटायझर, 20 ते 30 सेकंद, अंगठे आणि बोटांची टोकं धरून. पाहुण्यांना आळीपाळीनं आत सोडू नका. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना पाणी पाजायची माया आपल्या माणसांत असते, पण आयसीयूत ती सिस्टरला सांगून दाखवा. आणि रडवेलं होऊन ‘डॉक्टरसाहेब, पावरवाली सुई लावा ना जी’ असं म्हणू नका. मी वॉर्डातून जाताना हे वाक्य ऐकतो आणि संध्याकाळी त्याच पेशंटच्या चार्टवर मेरोपेनेमच्या खाली आणखी एक नाव चढलेलं दिसतं. बरेचदा विषबाधेत पहिल्याच दिवशी ‘कव्हर म्हणून’ अँटिबायोटिक सुरू होतं, ज्याची तेव्हा काहीच गरज नसते. त्यानं न्यूमोनिया टळत नाही, फक्त साधे जिवाणू मरतात आणि नळीतली जागा ॲसिनेटोबॅक्टरला मोकळी होते.

राहिली घरची लेकरं. निरोगी लेकरांना या जिवाणूपासून सहसा काही होत नाही. तो दुबळ्या, नळ्या लावलेल्या, जखमा असलेल्या शरीरात शिरतो. बाबा घरी आले की त्यांचं ताट-कपडे वेगळे करून त्यांना वाळीत टाकू नका. लेकरांनी जवळ बसावं, हात धुवावेत, एवढं पुरे. घरात कुणाला डायलिसिस चालू असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा अंगावर बेडसोअर असेल, तर मात्र जास्त जपा. बाबांना एखादी नळी ठेवूनच घरी सोडलं, तर ती कोण बदलणार आणि कधी, हे सुटी होण्याआधी लिहून घ्या. गावातल्या कुणाकडूनही ती बदलून घेऊ नका.

जिवाणू आतड्यात किंवा कातडीवर काही महिने मुक्कामाला राहू शकतो, आणि तो तिथे असला तरी माणूस ठणठणीत असतो. तो घालवायला अँटिबायोटिक घेत बसायचं नाही. पण पुढे वर्षभरात बाबांना ताप आला, ऑपरेशन ठरलं किंवा कुठंही भरती व्हायची वेळ आली, तर हा रिपोर्ट डॉक्टरांच्या हातात पहिल्या पाच मिनिटांत गेला पाहिजे. कारण सेफ्ट्रिॲक्झोनसारखं नेहमीचं अँटिबायोटिक तिथे कदाचित वाया जाईल, आणि त्यांना पहिल्या दिवसापासून कडेच्या खाटेवर ठेवता येईल. म्हणून सुटी घेताना डिस्चार्ज कार्डावर जिवाणूचं नाव लिहून घ्या, आणि कल्चर रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा. लॅबचा थर्मल कागद असेल तर काही काळानं अक्षरं उडतात, त्यामुळे मोबाईलवर फोटोही काढून ठेवा.